हाडांची डेन्सिटी, हाडांची क्वालिटी आणि त्यावरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हाडांवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे "माझा रिपोर्ट बघून सांगा ना" याला उत्तर मिळणार नाही. पण त्या रिपोर्टमधला आकडा आला कुठून, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सगळे परत परत विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय.

डेन्सिटीचा रिपोर्ट चांगला होता, तरी साध्या पडण्याने मनगट मोडलं. मशीन चुकलं का?

मशीन बहुतेक बरोबरच असतं, आपण त्याच्याकडून जास्त अपेक्षा करतो एवढंच. डेक्सा स्कॅन, म्हणजे डेन्सिटीचा रिपोर्ट देणारं एक्स-रेचं मशीन, हाडातलं खनिज मोजतं, ते पण सपाट फोटोवरून, म्हणजे ग्रॅम भागिले चौरस सेंटीमीटर. हाड किती जाड आहे, आत जाळी कशी आहे, कोलॅजन (हाडातलं धाग्यांसारखं प्रथिन) चांगलं आहे का खराब झालंय, यातलं काही त्याला दिसत नाही. आणि गंमत म्हणजे पन्नाशीनंतर हाड मोडलेल्या बायकांचा हिशोब मोठ्या अभ्यासांमध्ये मांडला तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणींची, काही ठिकाणी तर अर्ध्याहून जास्त जणींची डेन्सिटी ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं कमजोर होऊन सहज मोडण्याच्या आजाराच्या) रेषेच्या वरच निघाली. यावरून टेस्ट निकामी आहे असं नाही हं म्हणायचं. खुब्याची डेन्सिटी एका स्टँडर्ड डेव्हिएशनने (लोकांमध्ये सरासरीपासून जो नेहमीचा फरक असतो त्याच्या एका मापाने) कमी झाली की खुबा मोडायचा धोका साधारण अडीच पट होतो, हे पक्कं आहे. पण धोका जास्त असलेले लोक संख्येने थोडे आणि मध्यम धोक्याचे लोक प्रचंड, त्यामुळे एकूण फ्रॅक्चरं मधल्याच गटातून जास्त येतात.

मग ही "बोन क्वालिटी" म्हणजे नक्की काय?

२००० साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने तज्ज्ञांची बैठक घेतली, त्यात असं ठरलं की हाडाची ताकद म्हणजे डेन्सिटी अधिक क्वालिटी. क्वालिटीत मग आतली रचना, हाड मोडून परत बांधायचा वेग, साठलेल्या बारीक भेगा आणि खनिज किती बसलंय हे सगळं घातलं. खरं सांगायचं तर डेन्सिटीत न बसणारं सगळं या एका पिशवीत कोंबलंय, आणि त्यामुळेच या शब्दावर आमच्यात वाद चालतात.

उदाहरणाने सांगते. हाडाच्या वजनाचा साधारण ६० ते ६५ टक्के भाग खनिज, दहाएक टक्के पाणी, उरलेला बहुतेक प्रथिनं, आणि त्या प्रथिनांत ९० टक्के टाइप १ कोलॅजन. शाळेत कोणी कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं असेल तर आठवेल, काही दिवसांनी खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट हाड भाजून कोलॅजन जाळून टाकलं तर आकार तसाच राहतो पण बोटाने दाबलं की चुरा. म्हणजे खनिज कडकपणा देतं आणि कोलॅजन चिवटपणा. स्कॅन यातलं फक्त पहिलं बघतं.

रचनेचं तर विचारूच नका. मणक्याच्या आत जी जाळी असते ती घराच्या बांधकामाला लावलेल्या पहाडासारखी समजा, उभे बांबू आणि आडवे बांबू. वय वाढतं तसे आडवे आधी गळतात. एक आडवा गेला की उभ्याची मोकळी लांबी दुप्पट होते आणि तो वाकायला लागणारा जोर एकदम एक चतुर्थांशावर येतो, हे साधं इंजिनिअरिंग आहे. म्हणजे माल गेला थोडासाच, ताकद गेली कितीतरी जास्त.

उणे २.५ हा आकडा कुठून आला? उणे २.४ ला नॉर्मल आणि उणे २.६ ला आजार, असं कसं?

असं नसतंच. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने ही रेष आखली ती लोकसंख्येत आजार किती पसरलाय हे मोजायला. रजोनिवृत्तीनंतरच्या साधारण ३० टक्के बायका त्या रेषेखाली येतात, आणि आयुष्यभरात फ्रॅक्चर होण्याच्या अंदाजाशी ते प्रमाण जवळपास जुळत होतं. तुलना तरुण निरोगी बायकांच्या सरासरीशी असते; त्या सरासरीपासून आपण किती स्टँडर्ड डेव्हिएशन दूर तो टी स्कोअर, आणि उणे म्हणजे सरासरीच्या खाली. पुढे दवाखान्यांनी तीच रेष उचलली, इन्शुरन्सवाल्यांनी उचलली, आणि आता लोक तिला परीक्षेतल्या पासिंगच्या मार्कांसारखं बघतात. उणे १ ते उणे २.५ ला ऑस्टिओपेनिया म्हणतात, तो आजार नाही, पट्टीवरची जागा आहे फक्त.

म्हणूनच २००८ मध्ये शेफील्ड विद्यापीठातून फ्रॅक्स नावाचं गणित आलं. त्यात वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, सिगारेट, दारू हे सगळं टाकून पुढच्या दहा वर्षांचा धोका निघतो. डेन्सिटी टाकली तर चांगलंच, नसली तरी चालतं. माझ्या मते एका टी स्कोअरपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे, जरी त्यातही भोकं आहेत (डायबेटिसच्या प्रश्नात बघा).

दर वर्षी स्कॅन केला आणि यंदा दोन टक्के कमी आलं. घाबरायचं का?

नाही. दोन-तीन टक्क्यांचा फरक मशीनच्या आणि झोपण्याच्या पोझिशनच्या चुकीतच जातो. मशीन बदललं असेल तर तुलनाच सोडा. आणि पाठीत सांध्यांची झीज असेल, हाडाला काटे आले असतील तर कंबरेची डेन्सिटी उगाच छान दिसते, ती बघून कोणी खूश होऊ नये.

हाड जितकं घट्ट तितकं मजबूत, हे तरी खरं ना?

हाच प्रश्न माझ्या आवडीचा, कारण याच गैरसमजाने एके काळी मोठी फजिती झाली होती. फ्लोराइड दिलं की हाड वाढतं हे माहीत होतं, म्हणून ऑस्टिओपोरोसिसच्या २०२ बायकांवर अमेरिकेत चार वर्षांची ट्रायल झाली आणि १९९० मध्ये निकाल आला. कंबरेच्या मणक्यांची डेन्सिटी तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली! आजच्या कुठल्याही औषधाला लाजवेल असा आकडा. आणि मणक्याची फ्रॅक्चरं? काही खास कमी झाली नाहीत, उलट मणक्याबाहेरची वाढली. फ्लोराइड खनिजाच्या स्फटिकात घुसतं आणि जे हाड तयार होतं ते दिसायला भरगच्च पण ठिसूळ. त्यानंतर बरीच वर्षं नवीन औषधवाल्यांना "डेन्सिटी वाढली ना, मग झालं" म्हणता येत नव्हतं, फ्रॅक्चर कमी होतात हे दाखवावं लागायचं.

निसर्गाने पण हाच धडा आधी दिला होता. ऑस्टिओपेट्रोसिस म्हणून आजार आहे, संगमरवरी हाडांचा आजार, १९०४ मध्ये जर्मन डॉक्टर अल्बर्स-शोनबर्ग यांनी त्याचं वर्णन केलं. त्यात हाड खाणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जुनं हाड काढलंच जात नाही, एक्स-रेवर हाडं पांढरीशुभ्र दिसतात, आणि तरी ती खडूसारखी मोडतात.

हाड खाणाऱ्या पेशी?? हाड जिवंत असतं का?

हो हो, अगदी जिवंत. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी दोन-चार आठवड्यांत जुन्या हाडात खड्डा पाडतात, मग ऑस्टिओब्लास्ट येऊन तीन-चार महिने तो भरत बसतात. अशी दर वर्षी सांगाड्याची सुमारे १० टक्के दुरुस्ती होते. पाडणं फटाफट आणि बांधणं रमतगमत, म्हणून वेग वाढला की तोटाच होतो, आणि रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन गेल्यावर नेमकं हेच घडतं.

पण हे सगळं कोण ठरवतं? हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट. हाडातल्या पेशींपैकी ९० ते ९५ टक्के याच, बारीक फांद्यांनी एकमेकींना जोडलेल्या. हाडावर ताण कुठे पडतो, भेग कुठे गेली हे त्यांना कळतं आणि त्या तिथे कामगार बोलावतात. बरीच वर्षं लोकांना वाटायचं या निवांत पडलेल्या पेशी आहेत, आता त्याच मुकादम निघाल्या.

क्वालिटी मोजता येते का? कुठली टेस्ट करू?

मोजता येते, पण सहज नाही, आणि बऱ्याचशा टेस्ट अजून संशोधनापुरत्याच आहेत.

सगळ्यात जुनी आणि अजून सगळ्यात खरी म्हणजे कमरेच्या हाडाची बायॉप्सी. त्याची युक्ती मला फार आवडते: टेट्रासायक्लिन हे साधं अँटिबायोटिक नव्याने बनणाऱ्या हाडात जाऊन बसतं आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकतं, म्हणून पेशंटला ते काही दिवस देतात, मग मध्ये थांबतात, मग परत देतात, आणि नंतर तुकडा काढला की मायक्रोस्कोपखाली दोन चमकत्या रेघा दिसतात. दोन रेघांमधलं अंतर भागिले मधले दिवस, की हाड बनायचा वेग कळला. पण हाडाचा तुकडा काढायचा म्हटल्यावर कोण हौसेने येणार.

दुसरं एक खास सीटी मशीन, मनगट आणि घोट्यापुरतं. नवीन मॉडेलमध्ये एकेक ठिपका ६१ मायक्रॉनचा, त्यामुळे जाळीतल्या काड्या जवळजवळ मोजता येतात आणि त्या चित्रावर कॉम्प्युटरमध्ये जोर लावून हाड कधी मोडेल याचा अंदाज काढता येतो. मशीन महाग, जगात थोड्याच ठिकाणी. तिसरं टीबीएस (ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर, आतल्या जाळीचा अंदाज देणारा आकडा), हे मात्र कामाचं आहे, कारण डेक्साच्याच फोटोचं पोत सॉफ्टवेअर वाचतं, वेगळा स्कॅन लागत नाही. रक्तातले मार्कर (हाडात काय चाललंय याची खूण देणारे पदार्थ) पण असतात, सीटीएक्स हाड मोडण्याचा आणि पी१एनपी बांधण्याचा. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्यायची, जेवून दिली तर आकडा खाली येतो आणि मग सगळेच गोंधळतात.

डायबेटिसवाल्यांची हाडं वेगळी असतात का?

टाइप २ डायबेटिसमध्ये डेन्सिटी नॉर्मल किंवा जास्तच असते आणि तरी फ्रॅक्चर जास्त होतात. क्वालिटी या शब्दाला खरा अर्थ इथेच येतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षं कोलॅजनला चिकटते, धाग्यांमध्ये नको तिथे गाठी पडतात, चिवटपणा जातो. हाड बदलायचा वेग मंदावतो म्हणून खराब झालेला माल तसाच पडून राहतो, काही जणांत बाहेरच्या कडक भागात छिद्रं वाढतात, आणि वरून नजर कमजोर, पायाला मुंग्या, साखर एकदम उतरणं यामुळे पडायची शक्यता जास्त. मूळ फ्रॅक्समध्ये टाइप २ ला रकानाच नाही, म्हणून काही डॉक्टर त्याऐवजी रुमॅटॉइड संधिवाताच्या रकान्यात टिक करतात, तेवढाच धोका पकडायला. जुगाड आहे, पण चालतो.

इतक्या दुर्मिळ आजारांवर पैसे कशाला घालवतात?

कारण सगळ्यांची औषधं तिथूनच येतात. स्क्लेरोस्टिओसिस नावाचा अतिदुर्मिळ आजार आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर लोकांमध्ये जास्त सापडलेला. या लोकांची हाडं इतकी दणकट की मोडतच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि ऑस्टिओपेट्रोसिससारखी ठिसूळ नाहीत, चांगल्या क्वालिटीची. त्रास वेगळाच होतो, कवटी वाढत जाऊन नसा दाबल्या जातात, चेहरा लुळा पडतो, ऐकू येणं जातं. २००१ मध्ये कळलं की त्यांच्यात एसओएसटी हा जीन बिघडलेला असतो, म्हणजे स्क्लेरोस्टिन हे प्रोटीन बनत नाही. हे प्रोटीन कोण बनवतं? तेच आपले मुकादम ऑस्टिओसाइट, आणि त्याचं काम "आता बांधकाम थांबवा" हा निरोप द्यायचं. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की हा निरोप औषधाने अडवला तर? त्यातून रोमोसोझुमॅब आलं, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. महिन्यातून एकदा, १२ महिने, बस. एका मोठ्या ट्रायलमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोक थोडे जास्त दिसले म्हणून तिथे त्यावर कडक इशारा छापलेला असतो, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेल्या पेशंटना ते टाळतात.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा पण याच रांगेतला, लहान मुलांची हाडं परत परत मोडतात तो. बहुतेकांत कोलॅजनच्या दोन जीनपैकी एकात बिघाड असतो, काहींच्या डोळ्याचा पांढरा भाग निळसर दिसतो. कोलॅजन बिघडलं की काय होतं हे आम्ही या मुलांकडून शिकलो. वाईट वाटतं असं लिहायला, पण खरं आहे.

संधिवात, सांध्यांची झीज आणि ऑस्टिओपोरोसिस एकच का?

नाही. नावं सारखी वाटतात एवढंच. सांधे दुखतात, ऑस्टिओपोरोसिस मोडेपर्यंत दुखत नाही.

त्या गोळ्यांनी जबडा सडतो, मांडीचं हाड मोडतं असं वाचलं. मग घ्यायच्या कशाला?

बिस्फॉस्फोनेट, म्हणजे अलेंड्रोनेट वगैरे. अमेरिकेत अलेंड्रोनेट १९९५ मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी आलं. या गोळ्या हाड खाणाऱ्या पेशींना गप्प करतात. जबड्याचा प्रॉब्लेम २००३ मध्ये समोर आला, मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटमध्ये, जिथे डोस खूप मोठे असतात. मांडीचं वेगळ्या प्रकारचं फ्रॅक्चर पण खरं आहे. दुरुस्ती फार वर्षं बंद ठेवली की बारीक भेगा साठतात असा एक विचार आहे, म्हणजे परत क्वालिटीच.

पण आकडे बघा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जवळपास १,९६,००० बायकांचा हिशोब छापून आला, त्यात मांडीची अशी फ्रॅक्चरं २७७ होती. गोऱ्या बायकांमध्ये १०,००० जणींना तीन वर्षं औषध दिलं तर खुब्याची १४९ फ्रॅक्चरं वाचतात आणि मांडीची २ होतात. आशियाई वंशाच्या बायकांमध्ये ९१ वाचतात आणि ८ होतात. म्हणजे फायदा तरी मोठाच, पण आशियाई असाल तर तराजू थोडा वेगळा आहे आणि हे डॉक्टरांशी बोलायला हवं. गोळी बंद केली की तो धोका भराभर उतरतो, आणि औषध हाडात साठलेलं असतं म्हणून पाचेक वर्षांनी बऱ्याच जणींना सुट्टी देतात. मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखायला लागलं तर मात्र "वयाने दुखतंय" म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा.

सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन एकदा चुकलं तर चालतं का?

नाही! एवढं एकच उत्तर मी ठळक अक्षरात लिहीन. डेनोसुमॅब औषध म्हणून उत्तम आहे, ७,८६८ बायकांच्या ट्रायलमध्ये तीन वर्षांत मणक्याची नवीन फ्रॅक्चरं ६८ टक्क्यांनी कमी झाली. पण ते बिस्फॉस्फोनेटसारखं हाडात साठत नाही. थांबवलं की दबून बसलेल्या पेशी एकदम उसळतात, कमावलेली डेन्सिटी वर्ष-दोन वर्षांत जाते, आणि काही जणींचे एकामागोमाग चार-चार मणके दबल्याच्या केसेस छापून आल्यात. थांबवायचं असेल तर दुसऱ्या औषधावर नेऊनच थांबवतात. हे इंजेक्शन सुरू करतानाच सांगायला हवं, आणि बऱ्याचदा सांगितलं जात नाही.

व्हिटॅमिन डी घेतोच आहे, मग झालं ना?

कमी असेल तर घ्यायलाच हवं, हाड मऊ पडतं नाहीतर. पण ज्यांच्यात कमतरता नाही त्यांना वरून देऊन काही मिळत नाही असं दिसतंय. अमेरिकेतल्या व्हायटल ट्रायलमध्ये २५,८७१ लोक होते, रोज २,००० युनिट, पाचेक वर्षं, आणि २०२२ चा निकाल असा की फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. नुसती गोळी म्हणजे सिमेंटची पोती दारात आणून टाकणं, गवंडी कामाला लागला पाहिजे ना.

व्यायामाने हाड वाढतं की नुसतं सांगतात?

वाढतं, पण चालण्याने फारसं नाही, हे ऐकून लोक नाराज होतात. हाडाला नवीन, झटक्याचा, जोराचा ताण लागतो. टेनिसवाल्यांच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळवीरांचं खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का जातं. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाची ट्रायल झाली, हाडं कमजोर असलेल्या रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली चांगलं जड वजन उचलायला लावलं, सोबत उड्या. सगळ्यांना वाटत होतं मणके दबतील. आठ महिन्यांत डेन्सिटी वाढली आणि उंची पण टिकली. देखरेखीखाली हा शब्द परत वाचा, घरी एकटीने बारबेल उचलायला जाऊ नका.

पुरुषांना काळजी नाही ना?

आहे. पुरुषांचा खुबा मोडला तर त्यानंतर दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं. पण ट्रायल बहुतेक बायकांवर होतात आणि पुरुषांना बऱ्याचदा तपासतच नाहीत.

उंदरावर चाललं की माणसावर चालेलच ना?

उंदराच्या अंडाशया काढल्या की त्याचं हाड झरझर कमी होतं, म्हणून रजोनिवृत्तीचं मॉडेल म्हणून ते वापरतात आणि सुरुवातीला ठीक आहे. पण आपल्या कडक हाडात जी आतून पोखरून भरायची पद्धत असते ती उंदरात जवळपास नसतेच, त्यासाठी मेंढ्यांसारखे मोठे प्राणी लागतात. "उंदरांमध्ये हाड परत वाढलं" अशी बातमी आली की मी तरी पुढे स्क्रोल करते.

नवीन औषधांना इतका वेळ का लागतो?

ओडानाकॅटिबची गोष्ट सांगते. आठवड्यातून एक गोळी, फ्रॅक्चर कमी करत होती, वाट बघत होते लोक. मोठ्या ट्रायलमध्ये स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६ मध्ये कंपनीने काम बंद केलं. हजारो लोकांना वर्षानुवर्षं बघितलं नसतं तर हे कळलंच नसतं. दुसरी अडचण अशी की आता चांगली औषधं असताना हाडं कमजोर असलेल्या माणसाला तीन वर्षं नुसती खोटी गोळी द्यायची हे नैतिक नाही, आणि जुन्या औषधाशी तुलना केली तर फरक दाखवायला आणखी जास्त माणसं लागतात.

ट्रायलमध्ये नाव द्यावं का?

द्या, पण आधी तीन गोष्टी विचारा. मला खोटी गोळी मिळाली आणि मध्येच हाड मोडलं तर काय करणार? ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार की बंद होणार (डेनोसुमॅबसारखं असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी)? आणि तुम्ही शेवटी काय मोजताय, डेन्सिटी की फ्रॅक्चर? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा थोडा थांबला तर समजा त्याला पण फ्लोराइडची गोष्ट माहीत आहे.